कोंडाजी थेटेचा बसलेला आवाज

माणसाला ओरडावं लागू नये म्हणून माइकचा शोध लागला. ही साधी गोष्ट मी कोंडाजी थेटेला सतरा वर्षं सांगत होतो. आणि सतरा वर्षं तो माइकपासून हातभर लांब उभा राहून, नरड्याच्या शिरा ताणून, अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात माझं म्हणणं खोडून काढत होता. "नाथा," तो म्हणायचा, "माइक लांबच्यांसाठी हाय. पुढं बसलेला मानूस माइकवर भागतो व्हय?"

मी नाथा. मखमलाबादला माझा मांडवाचा आणि लाउडस्पीकरचा धंदा. कोंडाजी माझ्या शेजारच्या मळ्यातला, माझ्याच वर्गात चौथीपर्यंत बसलेला, आणि माझ्या यंत्रांचा या तालुक्यातला सर्वांत मोठा वैरी. त्याच्या पायी माझे दोन कर्णे कायमचे घोगरे झाले. पुढं तोही झाला, पण कर्ण्यांनी आधी सूचना दिली होती एवढंच मला म्हणायचं आहे.

आमच्याकडच्या लग्नात नवरा-नवरी लागतात, भटजी लागतो, हे सगळीकडचंच. पण आमच्याकडं आणखी एक माणूस लागतो, नावं पुकारणारा. पाव्हणे मांडवात शिरायला लागले की त्यानं माइक धरायचा आणि आलेल्या प्रत्येक वजनदार माणसाचं नाव हुद्द्यासकट घ्यायचं. "सोसायटीचे माजी चेअरमन, दिंडोरीकरांचे जावई, आपल्या सर्वांचे मार्गदर्शक अमुक अमुक यांचं आगमन झालेलं आहे, थेटे आणि पिंगळे परिवाराच्या वतीनं त्यांचं हार्दिक स्वागत!" हे अक्षता पडेपर्यंत आणि पडल्यावर शेवटची पंगत उठेपर्यंत. ज्याचं नाव राहिलं तो न जेवता जातो. जाताना कुणालाच काही बोलत नाही, पण पुढची तीन वर्षं दुसरं काही बोलतही नाही.

या कामाला जी अक्कल लागते ती कोंडाजीकडं होती. हातात चिठ्ठी नाही, वही नाही. पाचशे माणसं, त्यांचे आजी-माजी हुद्दे, कुणाचं कुणाशी वाकडं, कुणाचं नाव कुणाच्या आधी घेतलं तर भांडण होईल, सगळं डोक्यात. बांधावरून कोर्टात गेलेल्या दोन भावांची नावं तो एका श्वासात घ्यायचा, म्हणजे आधी कोण आणि नंतर कोण हे ठरवायला त्यांना सवड मिळायची नाही. सात मतांनी पडलेल्या पुंजा काकडला त्यानं 'भावी सरपंच' म्हणून पुकारलं आणि पुंजा त्या एका शब्दावर पुढच्या निवडणुकीपर्यंत जगला. याच्या बदल्यात कोंडाजीला काय मिळायचं? टॉवेल, टोपी, नारळ. घरात टॉवेल एवढे साठले होते की त्याची बायको झुंबरबाई ते द्राक्षाच्या घमेल्याखाली अंथरायची.

प्रत्येक नावाआधी तो खाकरायचा. साधं खाकरणं नाही, पोटातून उपसून काढलेलं. ते कर्ण्यातून बाहेर पडलं की मांडव चिडीचूप. त्याला ते फार आवडायचं. मला वाटतं नावांपेक्षाही जास्त.

अठ्ठ्याण्णव सालच्या वैशाखात एका दिवसात तीन लग्नं आली. सकाळी मखमलाबाद, दुपारी म्हसरूळ, संध्याकाळी गिरणारे. कोंडाजीनं एकालाही नाही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी उठला तर आवाज बसलेला. चार दिवसांनी आवाजही उठला, पण अर्धाच. खालचा अर्धा. जात्यात खडा अडकल्यावर जसं वाजतं तसा.

आता एखाद्या शहाण्या गावात लोकांनी म्हटलं असतं, अरे दाखव कुणाला तरी. आमच्या गावानं म्हटलं, "कोंडाजीच्या आवाजाला वजन आलं!" म्हसरूळची माणसं मुद्दाम विचारायला लागली, तो घोगऱ्या आवाजाचा येणार असेल तर तारीख सांगतो. निवडणुकीत एका उमेदवारानं त्याला जीपमध्ये बसवून पंधरा दिवस फिरवलं. घशातली खोट अशी बाजारात चांदीच्या भावानं गेली, आणि कोंडाजीला वाटलं देवानं दिलं.

उपाय चालूच होते, कारण आमच्याकडं आजार दाखवायला माणूस लाजतो, पण औषध सांगायला लाजत नाही. ज्येष्ठमध, खडीसाखर, हळदीचं दूध, पानात लवंग. त्र्यंबकहून कुणीतरी अंगारा आणला. कोंडाजीनं स्वतःचाही एक उपाय शोधला होता. आठवडाभर तो फक्त कुजबुजायचा, आवाज लग्नासाठी शिल्लक राहावा म्हणून. घरात कुजबूज, मळ्यात कुजबूज, बैलाशी कुजबूज. बैलानंही ऐकणं सोडलं होतं. आणि रविवारी मांडवात उभा राहिला की आठवड्याचं सगळं साचलेलं एकदम बाहेर. मध्ये मध्ये खाकरणं होतंच, कारण घशात सारखं काहीतरी अडकलंय असं त्याला वाटायचं. तंबाखूची चिमूट त्यावर वरून.

हे साडेतीन वर्षं चाललं. दोन हजार एकच्या दिवाळीनंतर मात्र आवाज मध्येच तुटायला लागला. 'माजी' ऐकू यायचं, 'चेअरमन' जायचं. एका लग्नात एका पाव्हण्याचं नावच गळालं आणि तो न जेवता गेला. त्या दिवशी कोंडाजी माझ्या टेंपोत बसून राहिला, उतरेना.

"काय झालं रे?"

"काय नाय," तो कुजबुजला. मग म्हणाला, "नाथा, दत्तूचं असंच सुरू झालं व्हतं."

दत्तू त्याचा चुलतभाऊ. घशाच्या कॅन्सरनं गेला. त्याचाही आवाज आधी बसला होता. कोंडाजीनं दत्तूचा आवाज आणि स्वतःचा आवाज शेजारी शेजारी ठेवून पाहिले होते, तंबाखूची डबी मध्ये ठेवली होती, आणि निकाल देऊन टाकला होता. डॉक्टर नाही, तपासणी नाही. पाचशे लोकांचे हुद्दे ठरवणाऱ्या माणसानं स्वतःचा हुद्दाही ठरवून टाकला, आणि कुणाला सांगितला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"अरे मग दाखव ना!" मी म्हटलं.

"दाखवला की कळलं. कळलं की गावाला कळलं. मंग तृप्तीला कोन करल? बापाला कॅन्सर, पोरीलाबी आसल, म्हनतील लोकं."

तृप्ती त्याची एकुलती एक पोरगी. नाशिकला नर्सिंगला होती, तीन वर्षांतलं पहिलं वर्ष संपत आलेलं. भावबंद म्हणत होते, पोरीला परक्याची गू-घाण काढायला पाठवतो का. तेव्हा याच कोंडाजीनं, दुसऱ्याच कुणाच्या तरी लग्नात, माइकवरून, 'मखमलाबाद गावच्या पहिल्या होणाऱ्या सिस्टर' म्हणून तिचं नाव पुकारलं होतं. मांडवातल्या कुणालाही त्याच्याशी कर्तव्य नव्हतं. पण पुकारलेलं नाव मागं घेता येत नाही, म्हणून भावबंद गप्प बसले. आणि आता तोच माणूस सटाण्याकडं जाऊन तिची सोयरीक जमवून आला होता. आपले डोळे मिटायच्या आत तिच्या डोक्यावर अक्षता पडलेल्या बघायच्या म्हणून. वैशाखात लग्न, होळी झाली की तारीख धरायला बैठक. नवऱ्याकडचे म्हणाले होते, लग्नानंतर शिकू देऊ. हे वाक्य मी किती मांडवांत ऐकलंय आणि त्यातल्या किती शिकल्या तेही मला माहीत आहे.

तृप्ती घरी आली, दिवसभर रडली, संध्याकाळी तोंड धुतलं आणि गप्प झाली. जाताना एवढंच म्हणाली, "अण्णा, निदान घसा तरी दाखवा." कोंडाजी कुजबुजला, "तू तुझं बघ."

टेंपोत हे सगळं ऐकलं तेव्हा मला रडू आलं. पण रडण्याच्या आधी राग आला, आणि रागात मी जरा बरा वागतो. दुसऱ्या दिवशी ॲम्प्लिफायर दुरुस्तीला न्यायचाय, धरायला चल, म्हणून त्याला टेंपोत घातला आणि नाशिकला शरणपूर रोडवर कान-नाक-घशाच्या दवाखान्यासमोर उतरवला. तो पाटी वाचून परत टेंपोत चढत होता. मी दार लावून घेतलं होतं.

डॉक्टरीणबाई चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी विचारलं, "काम काय करता?"

"शेती."

"शेतीनं असा आवाज होत नाही. ओरडावं लागतं का कुठं?"

"नाय," कोंडाजी म्हणाला.

"हो!" मी म्हणालो, इतक्या जोरात की बाहेरच्या बाकावरची माणसं डोकावली.

बाईंनी त्याची जीभ कापडात धरून बाहेर ओढली, दांडीचा छोटा आरसा स्पिरिटच्या दिव्यावर जरा गरम करून घशात घातला आणि म्हणाल्या, "ई म्हणा." माझ्या जन्मात मी कोंडाजीला इतकं छोटं नाव पुकारताना पाहिलं नव्हतं. तेही त्याला नीट जमेना. बाईंनी दोनदा, तीनदा पाहिलं. कोंडाजीच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. आरशानं येतं म्हणे, पण मला माहीत होतं ते कशानं येत होतं.

मग त्यांनी कागदावर चित्र काढलं. घशात आवाजाच्या दोन पट्ट्या असतात. श्वास घेताना उघडतात, बोलताना जवळ येऊन थरथरतात, एका सेकंदात शंभराहून जास्त वेळा. ओरडलं की नुसत्या जवळ येत नाहीत, एकमेकींवर आपटतात. "फावडं धरून हाताला घट्टा पडतो ना? तसंच. काहींना दोन्ही पट्ट्यांवर घट्टे पडतात, ते बोलायची रीत बदलली की बऱ्याचदा जिरतात. तुमच्या एकाच पट्टीवर मोठी फुगवटी आलीय. पॉलिप म्हणतात. त्यामुळं पट्ट्या नीट मिटत नाहीत, मधून हवा निसटते, म्हणून आवाज घोगरा. ही आता काढावी लागेल."

"कॅन्सर?" कोंडाजीनं विचारलं. तो शब्द मात्र स्पष्ट उमटला.

"तसं दिसत नाही. साधी गाठ दिसतेय. तरी काढल्यावर तपासायला पाठवू, म्हणजे खात्री. पण तीन आठवड्यांवर आवाज बसलेला राहिला की दाखवायचं असतं. तुम्ही चार वर्षं थांबलात. आणि तुम्हाला वाटत होतं तेच असतं, तर या चार वर्षांनीच तुम्हाला मारलं असतं. लवकर आलेले बरे होतात."

मग त्यांनी त्याच्या सगळ्या उपायांची उलटतपासणी केली. कुजबुजणं वाईट, घशाला ताण पडतो. खाकरणं तर सगळ्यांत वाईट, प्रत्येक खाकरण्याला पट्ट्या आपटतात, खाकरावंसं वाटलं की पाण्याचा घोट घ्या आणि गिळा. तंबाखू बंद. म्हणजे चार वर्षं त्यानं ज्याला औषध म्हटलं त्यातलं निम्मं दुखणं होतं. अंगाऱ्याचं कुणी विचारलं नाही, म्हणून तो वाचला.

मला वाटलं बाहेर आल्यावर हा माणूस नाचेल. तो दवाखान्याच्या पायरीवर मटकन बसला.

"मंजे मी मरत नाय?"

"नाही मरत, बाबा!"

"आता देवऱ्यांना काय सांगू?"

गोरक्ष देवरे म्हणजे सटाण्याकडचे मुलाचे वडील. मी म्हटलं, "खरं सांग."

"काय खरं सांगू? मी मरनार व्हतो म्हनून पोरगी देत व्हतो, आता मरत नाय म्हनून देत नाय?" कोंडाजी माझ्याकडं बघत राहिला. "शब्द दिलाय नाथा. आख्ख्या जिल्ह्याची नावं घेतो मी. मी शब्द मोडला तर माझं नाव कोन घेईल?"

अशी माणसं असतात. मरणाची तयारी करून ठेवतात आणि ते आलं नाही तर अडचणीत येतात.

ऑपरेशन होळीनंतरच्या बुधवारी झालं. भूल दिली, तोंडातूनच दुर्बिणीखाली ती फुगवटी काढली. बाईंनी बाटलीत दाखवली, तांदळाच्या दाण्याएवढी. चार वर्षं तालुक्याला हलवणारं वजन ते हे. घरी आल्यावर बघायला आलेल्यांची निराशा झाली. मानेवर टाका नाही, पट्टी नाही, डाग नाही. "आपरेशन केलं का नुसतंच?" भावबंद म्हणाले. मी दवाखान्याच्या बाकावर तृप्तीजवळ बसलो होतो तेव्हा तिला सगळं सांगून टाकलं होतं, बाप का घाईला आला होता ते. बापानं कधी न उघडलेली मूठ मी उघडली, त्याची मला लाजही वाटली आणि बरंही वाटलं.

बाईंची अट एकच. दहा दिवस एक अक्षर नाही. कुजबूजसुद्धा नाही. जखम भरेपर्यंत पट्ट्या एकमेकींना लागता कामा नयेत. नाहीतर पुन्हा तेच, किंवा त्याहून वाईट. तृप्तीनं सुट्टी काढली आणि बापाच्या छातीवर दगडी पाटी टांगली, खडू बांधून. कोंडाजीनं चौथीनंतर कशावरही लिहिलं नव्हतं. त्याचं अक्षर म्हणजे वरवंट्याखाली सापडलेली मुंग्यांची रांग. झुंबरबाईला वाचता येईना, मला दोन दिवस लागले, तृप्ती मात्र पहिल्या संध्याकाळपासून सरळ वाचायला लागली. 'च्या', 'पाणी', 'गाय पाजली का', 'भावकीला हाकला'.

शनिवारी तपासणीचा कागद आला. साधी गाठ. कोंडाजीनं तो कागद खिशात ठेवला आणि दर तासाला काढून बघितला. वाचला नाही, इंग्रजीत होता, नुसता बघितला.

आणि रविवारी बैठक होती. ती पुढं ढकलायला मी परोपरीनं सांगितलं. त्यानं पाटीवर लिहिलं, 'शब्द'. एवढंच.

देवरे मंडळी जीपनं आली, सात माणसं. गोरक्ष देवरे शांत, पागोटेवाले, कांद्याचे मोठे बागायतदार. त्यांना कोंडाजीचं मौन बघून आधी धक्काच बसला. मी सांगितलं, घशाचं साधं ऑपरेशन झालंय, कॅन्सर नाही, कागद हा. तो कागद सातही जणांच्या हातांतून फिरला आणि सातही जणांनी मान हलवली. 'कॅन्सर नाही' असं कागदासकट सांगितलं की लोकांना तो शब्द तेवढाच ऐकू जातो, ही माझी चूक. पण मंडळी सभ्य होती.

आता प्रश्न, बोलणार कोण? बैठकीत मुलीच्या बापानं बोलायचं असतं. चुलते आपापल्या भांडणात होते. कोंडाजीनं लिहायचं ठरलं, पण ते वाचणार कोण? देवऱ्यांच्या एका शिकलेल्या पुतण्यानं पाटी हातात घेऊन पाहिली आणि अदबीनं परत दिली. मी वाचतो म्हटलं तर कोंडाजीनंच मान हलवली, मी अडखळतो म्हणून. शेवटी झुंबरबाई दारातून म्हणाली, "तृप्ती वाचती चांगलं." तेव्हा आमच्या आळीत पहिल्यांदा, पोह्यांचा ट्रे ठेवून परत जायच्या ऐवजी, मुलगी स्वतःच्याच बैठकीत सतरंजीच्या कडेला बसली. बापाची वाचक म्हणून. कुणाला यात काही वावगं वाटलं नाही. मुलगी बोलणार नव्हती ना, बाप बोलणार होता.

गोरक्षभाऊंनी विचारलं, "मंग कोंडाजीभाऊ, वैशाखातली कोणती तिथ धरायची?"

कोंडाजीनं पाटी मांडीवर घेतली. बराच वेळ लिहीत होता. मी त्याच्या शेजारी होतो, आणि चार दिवसांत त्याची मुंग्यांची रांग मलाही थोडी कळायला लागली होती. त्यानं लिहिलं होतं, 'शब्द दिला. वैशाखाची तिथ धरा.' शेवटचं अक्षर लिहिताना खडू मोडला.

तृप्तीनं पाटी घेतली. वाचली. पुन्हा वाचली. आमच्या सगळ्यांकडं एकदा पाहिलं, सर्वांत शेवटी बापाकडं. आणि एक एक अक्षर वाचल्यासारखं, न थांबता, म्हणाली:

"अण्णा लिहितात, मला माझ्या घशाचं भय वाटलं. आपण जगत नाही असं वाटून मी घाईनं सोयरीक केली. ती माझी चूक, तुमची नाही. आता भय गेलंय. पोरीचं शिक्षण अजून दोन वर्षं आहे. ते पुरं झाल्याशिवाय तिथ धरू नये. तुम्हाला थांबायचं नसेल तर राग नाही."

पाटी मी वाचली होती. मी तोंड उघडलं असतं तर सगळं तिथंच संपलं असतं. मी उघडलं नाही. सतरा वर्षं मी त्याला गप्प राहायला सांगत होतो, त्या दिवशी मीही राहिलो.

कोंडाजीचं तोंड लाल झालं. मानेच्या शिरा मला ओळखीच्या तशा उभ्या राहिल्या. त्याच्या घशात ते खाकरणं वर येताना मी पाहिलं, पाचशे मांडव गप्प करणारं. एक 'नाय' म्हणायचा अवकाश होता. फार तर पट्टी फाटली असती, शब्द राहिला असता. त्यानं हात लांब केला, पाण्याचा तांब्या घेतला, एक घोट घेतला आणि गिळला.

गोरक्ष देवऱ्यांनी पोरीकडं नाही, त्याच्याकडं पाहिलं. "कोंडाजीभाऊ, हाई तुमचंच म्हणणं शे ना?"

तृप्तीनं पाटी बापाच्या मांडीवर परत ठेवली, अक्षरं वर करून. म्हणजे ती लपवत नव्हती. ज्याला वाचायची त्यानं वाचावी. कोंडाजीनं पाटीकडं पाहिलं. मग आपला द्राक्षं छाटून राठ झालेला पंजा पाटीवर ठेवला, वरून खाली, खालून वर फिरवला, पाटी पांढरी होऊन एक अक्षर उरलं नाही तोवर. आणि मान खाली केली. एकदा. होकाराची.

"आमले बी काई घाई नही," गोरक्षभाऊ म्हणाले. "शिकू द्या पोरले."

ते थांबणार नव्हते, आणि ते त्यांनाही माहीत होतं. आठ महिन्यांत त्यांनी कळवणकडची सून आणली. त्या लग्नात नावं पुकारायला त्यांनी कोंडाजीलाच बोलावलं, आणि तो गेला. तोवर बाईंनी त्याला बोलायला शिकवणाऱ्या एका ताईकडं दोन महिने पाठवलं होतं. माइक तोंडापासून चार बोटांवर धरून तो साध्या आवाजात बोलला, आणि त्याचा आवाज इतका स्वच्छ निघाला की मांडवातली माणसं एकमेकांना विचारत होती, घोगऱ्या कोंडाजी आला नाही का? दोन जण त्याच्यासमोरच म्हणाले, आता पहिल्यासारखी मजा राहिली नाही. बोलावणी कमी झाली. तो घोगरा आवाज काढून बघायचा मोह त्याला झाला असेल, मला सांगितला नाही. तृप्तीनं नर्सिंग पुरं केलं. सरकारी नोकरीला लागली. लग्न तिनं पुढं स्वतः ठरवलं, आणि नावं पुकारायला कुणालाच ठेवलं नाही. सगळ्यांना पोटभर जेवायला मिळालं.

पण हे सगळं नंतरचं. बैठकीनंतर सहाव्या दिवशी, दहा दिवस पुरे झाल्यावर, मी त्या दोघांना टेंपोत घालून बाईंकडं नेलं. मधल्या दिवसांत बापलेकीत पाटीवर काय लिहिलं गेलं ते मी विचारलं नाही. झुंबरबाई म्हणाली, काहीच नाही, 'च्या' सुद्धा नाही. बाईंनी आरसा घालून पाहिलं, छान भरलंय म्हणाल्या, आता अगदी हळू, जोर न लावता, काहीतरी बोला.

कोंडाजीनं खाकरण्यासाठी हात तोंडाशी नेला, आणि बाईंकडं बघून खाली घेतला. तृप्तीकडं वळला.

"मी काय लिव्हलं व्हतं, ते तुला वाचता आलं नाय?"

आवाज थरथरत होता, पण त्यात खरखर नव्हती. सत्त्याण्णव सालापर्यंत तो असाच बोलायचा, मी विसरून गेलो होतो.

"आलं की," तृप्ती म्हणाली. तिनं नजर खाली केली नाही.

बाई आरसा पुसत होत्या. बाहेर दुसऱ्या कुणाच्या तरी नंबरचा पुकारा झाला.

"बरं वाचलंस," कोंडाजी म्हणाला.